काँक्रीटच्या इमारतीला नावं ठेवण्याआधी

उघड्या काँक्रीटची इमारत दिसली की कुणी तिला खुराडं म्हणतं, कुणी विसाव्या शतकातली सगळ्यांत प्रामाणिक वास्तुकला. मी 27 वर्षं जुन्या काँक्रीटच्या दुरुस्तीचं काम केलं, त्यामुळे दोन्ही ऐकून कान किटलेत. भांडणारे बहुतेक जण इमारत रस्त्यावरून, तीही एकदाच पाहिलेले असतात. ती नीट पाहायची कशी, ते सांगते. पाहून झाल्यावर नावं ठेवायची तर खुशाल ठेवा.

आधी या शैलीचं नाव बाजूला करा. ब्रूटलिझम म्हटलं की क्रौर्य डोळ्यांपुढे येतं आणि निम्मं मत तिथंच ठरतं. त्याचा धागा फ्रेंचमधल्या ‘बेताँ ब्रूत’शी जोडतात, म्हणजे कच्चं, न झाकलेलं काँक्रीट. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने फ्रान्समधल्या मार्सेयच्या वसाहतीत ते गिलाव्याविना उघडं ठेवलं. ती 1952 मध्ये पुरी झाली आणि गावाने तिला ‘वेड्याचं घर’ म्हणायला सुरुवात केली. 2016 मध्ये तीच इमारत जागतिक वारसा यादीत गेली. आणि हो, प्रत्येक राखाडी ठोकळा काही ब्रूटलिस्ट नसतो. प्लास्टर करून वर रंग दिला असेल तर तो वाद वेगळा.

मग दोनदा जा. एकदा ऊन कललेलं असताना आणि एकदा पाऊस चालू असताना. या इमारतींचे खोल कोनाडे, पुढे आलेले छज्जे, उभ्या फटी, सगळं सावलीच्या हिशेबाने केलेलं असतं. ढगाळ दुपारी तीच भिंत मेल्यासारखी दिसते. पावसात पाणी कुठून वाहतं ते बघा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, पाणी तुटून खाली पडावं म्हणून एक बारीक खाच ठेवतात. ती नसली किंवा बुजली की पाणी मागे सरकून भिंतीवर उतरतं आणि काळे ओघळ येतात. लोक ‘भयाण’ म्हणतात ते पुष्कळदा या ओघळांना.

मीही एकदा अशीच फसले. एका सरकारी इमारतीची पाहणी करताना मनातल्या मनात ती पाडायलाच काढली होती. नमुना म्हणून मीटरभर भाग हलक्या हाताने धुतला. शेवाळ गेलं आणि खाली शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे रेशे उमटलेले दिसले, गाठींसकट. तिथला पहारेकरी हात फिरवत म्हणाला, “मॅडम, हे लाकूड आहे का?” रोज त्याच भिंतीला टेकून बसायचा तो.

म्हणून भिंतीला हात लावा. लंडनच्या नॅशनल थिएटरला (1976) असेच फळ्यांचे ठसे आहेत. तिथल्याच बार्बिकन वसाहतीत तर काँक्रीट घट्ट झाल्यावर कामगारांनी हाताने टाकीचे घाव घालून त्याचा पृष्ठभाग खरबरीत केला. उघडं काँक्रीट म्हणजे आळशीपणा, असं म्हणणाऱ्याने एकदा तरी शटरिंग गळताना पाहावं. साध्या कामात हनीकोंब झालं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोळ्यासारखी भोकं राहिली, की गिलावा मारून झाकता येतं. इथे झाकायला काही नाही, जे उतरलं ते कायमचं.

खपल्या निघून सळ्या दिसत असतील तर जरा थांबा. नव्या काँक्रीटचा अल्कलीपणा सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, तो अल्कलीपणा उतरतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा थर फुटतो. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर पातळ ठेवलं असेल तर दोष बांधणाऱ्याचा. पण तीस वर्षं गच्चीची गळती कुणी पाहिली नसेल तर तो दोष डिझाइनच्या नावावर मांडू नका.

आता माणसांना विचारा, आणि ‘सुंदर आहे का’ असं नका विचारू. गळतं कुठे, दार पटकन सापडतं का, उन्हाळ्यात आत कसं होतं, रात्री कुठल्या जिन्याने जायला नको वाटतं, हे विचारा. बाहेरून जाणारा आणि आत राहणारा यांची उत्तरं जुळत नाहीत. 2003 च्या एका मतचाचणीत बार्बिकन लंडनमधली सगळ्यांत कुरूप इमारत ठरली, आणि तिथले फ्लॅट मात्र महागच आहेत. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सिटी हॉलला 1976 मध्ये वास्तुतज्ज्ञ आणि इतिहासकारांनी देशातल्या सर्वोत्तम इमारतींत सहावी म्हटलं, 2006 मध्ये महापौरच ती विकायला निघाले, आणि 2025 मध्ये शहराने तिला संरक्षण दिलं. तज्ज्ञ शहाणे नि लोक अडाणी, असा अर्थ यातून काढू नका. आत शिरल्यावर खिडकी सापडत नाही ही तक्रार खरीच असते.

इमारतीत काय घडलं आणि इमारतीमुळे काय घडलं, हेही वेगळं करा. अमेरिकेतल्याच सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीचं उदाहरण आधुनिक वास्तुकलेच्या अपयशाचा पुरावा म्हणून हमखास निघतं. अकरा मजल्यांच्या 33 इमारती 1950 च्या दशकात उभ्या राहिल्या, 1972 पासून पाडायला घेतल्या. पण देखभालीचा खर्च भाड्यातून निघायचा होता, शहर रिकामं होत गेलं, भाडं आटलं आणि लिफ्ट बंद पडल्या. लंडनचा 31 मजली ट्रेलिक टॉवर 1972 चा, त्याचीही अशीच बदनामी झाली होती. रहिवाशांनी संघटना केली, इंटरकॉम आला, दारावर माणूस बसला. 1998 मध्ये तो संरक्षित यादीत गेला. काँक्रीट तेच होतं.

पाडायची चर्चा निघालीच तर जागेवर काय येणार, त्याचा नकाशा मागा. सिमेंट उद्योगातून जगाचं सात-आठ टक्के कार्बन उत्सर्जन होतं. उभी इमारत फोडून पुन्हा ओतणं म्हणजे तो खर्च दुसऱ्यांदा करणं.

सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, “पाडू नका, निदान रंग तरी द्या.” याला मात्र मी हात वर करून विरोध करते. रंग एकदा चढला की दर काही वर्षांनी पुन्हा परांची बांधून द्यावा लागतो. आणि काढायला गेलं तर त्याच्याबरोबर फळ्यांचे रेशेही निघून येतात.