बोटीने स्नॉर्कलिंगला (डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्याखालचं बघायला) जाताय? मग हे बघा

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. खरा खेळ मास्कचा, पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर, नाहीतर गाईडकडून लगेच दुसरा मागा, आणि कडेखाली केस अडकले की पाणी शिरतंच (मिशीवाल्यांचं जरा अवघडच आहे). काचेला आतून थुंकी चोळून विसळा, धुकं धरत नाही, किळस वगैरे नंतर. नळीत पाणी गेलं तर जोरात फुंका. पोहता येत नसेल तर लाजू नका, लाइफ जॅकेट घालूनही सगळं दिसतं. पाठ भाजते, फुल बाह्यांचा टीशर्ट घाला. कोरलवर (प्रवाळावर) पाय ठेवू नका, ते जिवंत असतं.