रक्तपेढीतून पिशवी आणताना एवढं बघा

डेंग्यूच्या सीझनला आमच्या काउंटरवर दरवर्षी एक तरी जण प्लेटलेट न्यायला बर्फाने गच्च भरलेला डबा घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यात एका पोराने तर कोळंबी आणायचा डबा आणलेला, वास येत होता! त्याला म्हटलं बाबा, बर्फ ओतून दे आधी. प्लेटलेट २० ते २४ डिग्रीला ठेवतात, ते पण मशीनवर सतत हलवत, आणि ५ दिवसच टिकतात. १९६९ मध्येच अमेरिकेत मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट पेशंटच्या अंगात गेल्यावर लवकर संपतात.

घेताना पिशवी ट्यूबलाइटसमोर धरा आणि हलकेच फिरवा. आत धुरासारख्या चमकत्या लाटा फिरताना दिसल्या तर माल चांगला, कारण चांगली प्लेटलेट चपटी असते, ती उजेडात चमकते, बिघडली की गोल होते आणि मग लाटा दिसत नाहीत. गाठी दिसल्या तर सरळ परत करा, लाजायचं नाही.

लाल पिशवीचं (पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी) उलट आहे, ती २ ते ६ डिग्रीला. डब्यात आइस पॅक ठेवा पण पिशवीला चिकटवू नका, मध्ये कापड घाला, थंडीने रक्ताचा बर्फ झाला की लाल पेशी फुटतात. वरचं पाणी लालसर किंवा पिशवी काळपट, फुगलेली वाटली तर विचारा.

आता लेबल. ग्रुपप्रमाणे रंग असतो, ए पिवळा, बी गुलाबी, ओ निळा, एबी पांढरा, पण रंगावर विसंबू नका, पिशवीचा नंबर क्रॉसमॅचच्या (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघितल्याच्या) कागदाशी एकेक आकडा लावून बघा. एक्स्पायरी बघा, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस, मलेरिया या पाचही टेस्ट निगेटिव्ह लिहिल्यात का तेही.

आणि प्लीज, "आजचंच ताजं द्या" म्हणून भांडू नका. पीसीव्ही पिशवीतल्या सोल्युशनप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस चालतं. २०१५ मध्ये कॅनडा-युरोपातल्या आयसीयूंमध्ये २४०० च्या वर पेशंटवर तपासलं, काहींना साधारण ६ दिवसांचं रक्त, काहींना २२ दिवसांचं, ९० दिवसांनी मृत्यूंत म्हणावा असा फरक नव्हता. नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर स्वतःच ताजं मागतात.

पिशवी घेतली की वाटेत चहाला थांबू नका, थेट वॉर्डमध्ये सिस्टरच्या हातात द्या. वॉर्डच्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, गरम पाण्यात बुडवायची तर अजिबात नाही (हेही पाहिलंय). लावायला उशीर होणार असेल तर लगेच आम्हाला फोन करा, लाल पिशवी अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहिली तर आम्ही ती परत घेत नाही. आणि एकदा लावली की ४ तासांत संपली पाहिजे.