हेडलाइटची काच आतून धुरकट होऊ नये म्हणून

हेडलाइटच्या आत घरी बनवलेली फायबरची पट्टी बसवली की काही दिवसांत काचेवर आतून धुरकट थर चढतो. सगळे सीलला दोष देतात. बहुतेक वेळा कारण पट्टीतलं रेझिनच (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) असतं: अर्धकच्च्या पट्टीतून रेझिनमधल्या स्टायरीन या रसायनाची वाफ निघत राहते.

१. हेडलाइटच्या आतली मूळ चौकट हाच साचा: तिच्यावर अॅल्युमिनियम फॉइल टेप, सुरकुती न पाडता. वर मेणाचे तीन हात, प्रत्येक हात पुसून चकचकीत.

२. १०० ग्रॅम पॉलिस्टर रेझिनमध्ये आधी १ ग्रॅम कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) नीट ढवळा, मगच दीड ग्रॅम हार्डनर. 'लवकर सुकेल' म्हणून हार्डनर वाढवू नका, पट्टी वाकडी होते.

३. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) फायबर मॅटचे दोन थर या रेझिनने भिजवून चौकटीवर बसवले की पुरे. मॅट हाताने फाडा. कात्रीने कापलेली कड वळणावर उचलते.

४. दुसऱ्या दिवशी सोडवून घासा. पट्टीवर खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या ठेवून काच दाबून बघा. गोळी ३ मिलिमीटरपेक्षा पातळ चेपली तर तिथे अजून घासा.

५. रंगाआधी ६० अंशांवर चार तास तापवा, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. मग रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडल्यावर वास आला तर पुन्हा तापवा. रंग सुकल्यावरही हीच वासाची परीक्षा घ्या.

कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्हींसाठी वेगळे ड्रॉपर ठेवा.