ऑस्ट्रेलियाला कधी जायचं? आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबाने सांगते

ऑस्ट्रेलियाला जायला बेस्ट सीझन कोणता असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, सुट्टी कधी मिळतेय? कारण हा देश भारताच्या दुपटीपेक्षा मोठा आहे, नुसतं सिडनीहून पर्थला जायचं तर विमानात पाच तास, आणि कुठलाही महिना घ्या, एका टोकाला मस्त हवा असते आणि दुसऱ्या टोकाला जाऊच नये अशी. त्यामुळे सुट्टी ठरलेली असेल तर जागा तिच्याप्रमाणे निवडा.

डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट थंडी, हे तिकडे उलटं असतं एवढं सगळ्यांना माहितीये, पण ते खरं दक्षिणेकडे, म्हणजे सिडनी, मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थ, तास्मानिया. वर उत्तरेला डार्विन, केर्न्सकडे दोनच ऋतू धरायचे, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर कोरडं. थंडी अशी नाहीच, डार्विनला जुलैतही दुपारी तीसच्या वर तापमान असतं.

आता मे महिना. शाळांमुळे आपली बहुतेक कुटुंबं मे ते जूनच्या सुरुवातीलाच निघतात आणि सगळे हमखास सिडनी-मेलबर्नच बुक करतात. मेलबर्नला जूनमध्ये दुपारी तेरा-चौदा डिग्री, रात्री सहा-सात, संध्याकाळी सव्वापाचच्या आत सूर्य मावळलेला, वर रिमझिम. मुलंबाळं तिकडे राहतात म्हणून जायचं असेल तर जरूर जा, जाड जॅकेट घेऊन जा, पण नुसतं फिरायलाच जाणार असाल तर मला मनापासून वाटतं की मे-जूनमध्ये उत्तर आणि मधला भाग करावा. केर्न्सला पाऊस ओसरलेला असतो, हवा पंचवीस-सव्वीस डिग्री, ग्रेट बॅरियर रीफच्या बोटी चालू, आणि मुख्य म्हणजे विषारी जेलीफिशचा सीझन संपत आलेला असतो. तो साधारण नोव्हेंबर ते मे. त्या काळात समुद्रात उतरायचं तर अंगभर स्टिंगर सूट घालावा लागतो, म्हणून जून पकडता आला तर आणखी चांगलं. डार्विनकडच्या काकाडू नॅशनल पार्कचं मात्र नीट बघून ठरवा, पावसाळ्यात तिथले बरेच रस्ते पाण्याखाली जातात आणि जिम जिम फॉल्सचा कच्चा रस्ता उघडायला कधीकधी जून उजाडतो, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर निम्मं राहून जाईल.

उलुरूला, म्हणजे मधल्या त्या मोठ्या लाल खडकाला, जायलाही मे ते सप्टेंबरच योग्य. जून-जुलैत दुपारी वीस-बावीस डिग्रीत खडकाभोवती आरामात चालता येतं (वर चढायला ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, तिथल्या मूळ लोकांची ती पवित्र जागा आहे). फक्त पहाटे सूर्योदय बघायला स्वेटर, टोपी, हातमोजे सगळं लागतं, जुलैत पारा शून्याखालीही जातो. याच जागी जानेवारीत चाळीस डिग्री होते. शेजारच्या काटा जुटा या घुमटासारख्या खडकांमधला व्हॅली ऑफ द विंड्स ट्रेक तर अंदाज छत्तीस किंवा जास्त असेल तर सकाळी अकरालाच पुढे बंद करतात. लहान मुलं किंवा वयस्कर कुणी सोबत असेल तर उन्हाळ्यात उलुरू नकोच.

गणपती झाल्यावर सप्टेंबरात जमत असेल तर पर्थ. तिकडे पाऊस थंडीत पडतो, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर रानफुलांचा बहर असतो, उत्तरेकडून सुरू होऊन हळूहळू दक्षिणेकडे सरकतो. आपल्याकडचे लोक तिकडे फार जात नाहीत, का कोण जाणे.

दिवाळीची सुट्टी असेल तर सिडनी. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर जॅकरांडा फुललेला असतो, गल्ल्याच्या गल्ल्या जांभळ्या, हवा छान, दिवस मोठे. समुद्राचं पाणी मात्र तेव्हा गार असतं, पोहायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. डार्विन दिवाळीत नको, पावसाच्या आधीचा उकाडा जीव काढतो.

नाताळात सगळं महाग, त्यांच्या शाळांची मोठी सुट्टी जानेवारीअखेरपर्यंत चालते आणि सिडनीत 31 डिसेंबरच्या आतषबाजीसाठी हॉटेलं फार आधी भरतात. क्रिकेटवेडे असाल तर 26 डिसेंबरला मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आहेच. पण माझं मत विचाराल तर तेव्हा तास्मानिया करा, क्रेडल माउंटनला चालायला तेव्हाच मजा, होबार्टला रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. दक्षिणपूर्वेला उन्हाळ्यात वणव्यांचा धोका असतो, 2019-20 ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा रोज सकाळी त्या राज्याच्या फायर सर्व्हिसचं अ‍ॅप बघूनच निघायचं आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्यायचं.

आणि आईबाबा रिटायर्ड असतील, शाळेचं बंधन नसेल, तर त्यांना मार्च-एप्रिलमध्ये मेलबर्न-सिडनीला पाठवा. मेलबर्नचा कडक उन्हाळा सरलेला असतो, ग्रेट ओशन रोडला गर्दी कमी, एप्रिल अखेर ब्राइट गावात झाडं लाल-पिवळी होतात. फक्त ईस्टरचा आठवडा टाळा, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवशीचं विमान असेल तर वेळ दोनदा तपासा.