लांबच्या ग्रुप राईडचा एक दिवस: शेवटच्या सायकलवरून

मोठ्या मोहिमेत मी बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असतो. कुणाची चेन उतरली, कुणाचा दम संपला, तर त्याच्याजवळ थांबायला एक जण लागतोच, आणि ते काम मला आवडतं. शिवाय दिवस नेमका कुठे वाया जातो, ते मागूनच नीट दिसतं.

हिशेब साधा आहे. १०० किलोमीटर, ताशी २० चा वेग, म्हणजे सायकलवर पाच तास. तरी पोचायला आठ तास लागतात, कारण मधले तीन तास थांब्यांवर सांडतात. एकाला पाणी हवं असतं, दहा मिनिटांनी दुसऱ्याला फोटो. म्हणून थांबे निघण्यापूर्वीच ठरवा आणि थांबलात की सगळी कामं तिथेच उरका.

सकाळी टायरमधली हवा, ब्रेक आणि चाकं घट्ट बसली आहेत ना, ते तपासलं की निघा. पहिला तास गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. उत्साही मंडळी पुढे पळतील, पळू देऊ नका. दुपारी त्यांनाच ओढत न्यावं लागतं.

सपाट रस्त्यावर एकामागे एक चाललात तर मागच्याला वारा बराच कमी लागतो, मेहनत वाचते. मात्र आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला जरासा सरकला आणि चाकं घासली, तर तो बहुधा तसाच पुढे जातो, आडवे होता तुम्ही. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका. खांद्यावरून पलीकडचा रस्ता बघा. खड्डा, खडी, गाडी दिसली की पुढच्यानं हातानं आणि ओरडून सांगायचं, आणि ते मागपर्यंत पोचवायचं. रांगेत सगळ्यात पुढे राहून वारा झेलायची तुमची पाळी आली की वेग वाढवू नका, आहे तोच ठेवा. इथे भलेभले चुकतात.

चढावर हे सगळं विसरा. तिथे ज्यानं त्यानं आपल्या गतीनं चढावं आणि वर एकत्र यावं. पण मग काय होतं? पुढचे वर बसून ताजेतवाने होतात आणि शेवटचा धापा टाकत पोचला की म्हणतात, 'चला!' विश्रांतीची खरी गरज ज्याला, त्यालाच ती मिळत नाही. शेवटचा पोचल्यावर किमान पाच मिनिटं कुणीही हलायचं नाही, हा नियम मी सकाळीच सांगून ठेवतो.

भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. उन्हात नुसतं पाणी ढोसू नका, मीठही हवं. आणि सकाळपासून बडबडणारा अचानक गप्प झाला, तर त्याला लगेच थांबवून खायला घाला.

पंक्चर झालं तर दोघांनी काम करावं, बाकीच्यांनी रस्ता सोडून उभं राहावं आणि सल्ले स्वतःजवळ ठेवावेत. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणा. नवी ट्यूब टाकण्याची घाई नको. आधी जुनीत हवा भरून भोक शोधा, ते व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते पाहा आणि टायरमध्ये तेवढ्याच अंतरावर आतून जपून फडकं फिरवा. काटा किंवा काचेचा कण तिथेच अडकलेला सापडतो. तो राहिला, तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते.

मुक्कामी पोचल्यावर चेन पुसून तेल द्या. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा. भोक पडलेल्या ट्यूबला ठिगळ त्याच संध्याकाळी लावा. आणि या सगळ्याच्या आधी सायकलची, आत गादी शिवलेली चड्डी धुऊन वाळत टाका, सकाळी ओली घातलीत तर मांड्या सोलून निघतील.