पोहताना खांदा दुखतोय? या चुका टाळा

दरवर्षी दिवाळीनंतर टँकवर तेच ते बघून कंटाळलोय म्हणून लिहितोय. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रातल्या स्पर्धा असतात, आणि एरवी आठवड्यातून तीनदा येऊन किलोमीटरभर पोहणारी मंडळी नोव्हेंबर लागला की रोज तीन-तीन किलोमीटर मारायला लागतात. मग थोड्याच दिवसांत एकेक जण खांदा चोळत काठावर बसलेला दिसतो.

जरा हिशोब करा. २५ मीटरच्या टँकमध्ये एका लेंथला साधारण २० हात पडतात. ३ किलोमीटर म्हणजे १२० लेंथ, म्हणजे २४०० हात, एकेका खांद्याच्या वाट्याला १२००, आणि तेही रोज. दम लवकर वाढतो पण खांद्यातले टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) एवढ्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना रक्तपुरवठाच कमी असतो. त्यामुळे 'सर दम लागत नाहीये, वाढवू का अंतर' असं कोणी विचारलं की माझं उत्तर नाहीच असतं. माझ्या बॅचला मी आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर वाढवू देत नाही, आणि दर चौथा आठवडा हलका. कोणी कितीही कुरकुर करो.

आता पॅडल्स, म्हणजे पाणी जास्त ढकलायला तळहातावर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. मागे बॅचला एक मुलगा होता, जिद्दी, दमाचा पक्का, मालवणला लांबच्या अंतराला नाव दिलेलं. कुठलातरी व्हिडिओ बघून त्याने तळहाताच्या दीडपट मोठे पॅडल्स आणले आणि अख्खी प्रॅक्टिस ते घालून करायला लागला, स्पीड वाढला म्हणून खूशही होता. खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागली तर हा घरून पेनकिलर घेऊन यायचा आणि पाण्यात उतरायचा! गोळीने दुखणं कळत नाही, इजा मात्र वाढतच राहते. शेवटी शर्ट घालताना हात वर जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. फिजिओने सांगितलं सुप्रास्पायनेटसचा, म्हणजे हात बाजूने वर उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूचा, टेंडन सुजलाय. स्पर्धा गेलीच, वर कित्येक महिने पाणी बंद. म्हणून सांगतो, स्ट्रोक (हात मारायची पद्धत) नीट बसलेला नसेल तर पॅडल्सला हात लावू नका, बसला असेल तरी तळहातापेक्षा जरासेच मोठे घ्या आणि थोड्याच लेंथ करा. आणि गोळी खाऊन पोहणं तर कधीच नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे फ्रीस्टाइलला अंगठा खाली करून हात पाण्यात घालणं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी असंच शिकवायचे त्यामुळे मोठ्या माणसांत ही सवय फार. असा हात घातला की दंड आतल्या बाजूला वळतो आणि खांद्याच्या वरच्या हाडाखाली टेंडन चिमटला जातो, आणि त्यात हात डोक्यासमोर येऊन पलीकडे गेला तर आणखीनच. बोटं आधी, तळहात खाली, कोपर मनगटापेक्षा वर, आणि हात आपल्याच खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. ज्यांना क्रॉस करायची सवय असते त्यांना सरळ हातसुद्धा खूप बाहेर गेल्यासारखा वाटतो, म्हणून स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका, कोणाला तरी समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. सोबत अंगही वळलं पाहिजे, सपाट पडून पोहलात तर हात उचलायचं सगळं काम खांद्यावर येतं.

एकाच बाजूने श्वास घेत असाल तर दुसरी बाजू शिका, आठवडाभर विचित्र वाटेल, वाटू दे.

खांदा दुखतोय म्हणून नुसती किक मारायची तर किकबोर्ड (तरंगणारी फळी) पुढे धरून नको, हात ताणलेलेच राहतात. हात अंगालगत ठेवा, पाठीवर मारा.

आणि पोहण्याआधी मित्राकडून दोन्ही हात मागे खेचून घेणं कृपा करून बंद करा. पोहणाऱ्यांचे खांदे बऱ्याचदा आधीच सैल असतात, त्यांना ताण नको, ताकद हवी. दाराच्या कडीला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) बांधा, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवा, हळू, पंधरा-पंधराचे दोन-तीन सेट. मग भिंतीवर हात टेकून पाठीची पाती पुढे-मागे सरकवा. कंटाळवाणं आहे, माहितीये, नवीन पोरं तर बँड बघूनच पळतात, पण माझ्याकडे हे झाल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही.

दंड भरून येणं वेगळं, ते एक-दोन दिवसांत जातं. पण खांद्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं तर त्याच लेंथला थांबा, सेट अर्धा राहिला तरी चालेल. रात्री झोपमोड होत असेल, हात वर जात नसेल, मुंग्या येत असतील किंवा आठवडाभर सुट्टी घेऊनही दुखणं जात नसेल तर सरळ ऑर्थोपेडिककडे जा, आणि जाताना समोरून काढलेला तो पोहण्याचा व्हिडिओही घेऊन जा.