जुन्या मोटरसायकलचे सुटे भाग मोजताना या चुका टाळा

जुनी बुलेट किंवा जावा पूर्ण खोलली की पहिला प्रश्न येतो तो एकूण भाग किती, हा. त्याचं उत्तर 'एक भाग' कशाला म्हणायचं यावर ठरतं आणि ते न ठरवताच मोजायला बसणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे.

१०० कड्यांची चेन घ्या. आतल्या कडीत २ पट्ट्या, २ बुश, २ रोलर. बाहेरच्या कडीत २ पट्ट्या, २ पिना. दोन कड्यांमागे १० तुकडे, म्हणजे अख्ख्या चेनचे ५००, आणि जोडकडीचं लॉक धरून ५०१. दोन्ही चाकांना ४०-४० तारा असतील तर तारा आणि निपल (तार आवळायचे छोटे नट) मिळून १६०. ही झाली ६६१ नगांची बेरीज. दुसरा माणूस त्याच जागी 'चेन १, चाकं २' लिहून मोकळा होतो.

उपयोगी पडणारा नियम साधा आहे. जे न मोडता हातातल्या अवजारांनी सुटतं आणि बाजारात सुटं मिळतं, तो एक भाग. या हिशेबाने चेन १, जोडकडी १, तारा ८०, निपल ८०. बंद बेअरिंग १, पण स्टिअरिंगच्या कपातले छर्रे (पोलादी गोळ्या) एकेक मोजायचे, वरचे वेगळे आणि खालचे वेगळे. ऑईल रिंग तीन तुकड्यांची असेल तर 'सेट १' लिहून शेजारी 'तुकडे ३' असं नोंदवा.

कॅटलॉगवरून मोजणाऱ्यांची बेरीज बहुतेक वेळा फुगते. 'क्लच असेंब्ली' एका ओळीत असते, आणि पुढे तिच्याच प्लेटा, स्प्रिंगा, नट पुन्हा वेगळे येतात. असेंब्लीची ओळ खोडा, आतले भाग ठेवा. एकच वॉशर तीन पानांवर दिसला तर तिन्ही ठिकाणची संख्या धरायची, कारण कॅटलॉग त्या-त्या आकृतीपुरता बोलतो. यादीला तीन रकाने हवेत: कॅटलॉगप्रमाणे किती, हातात किती, अवस्था कशी. 'हातात किती' हा रकाना खोलतानाच भरायचा. ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचं हेड उतरवलं की २ व्हॉल्व्ह, ४ लॉक (व्हॉल्व्हची दांडी धरणारे अर्धगोल तुकडे), ४ स्प्रिंगा (आतल्या आणि बाहेरच्या) तिथल्या तिथे मोजून एका डब्यात. संध्याकाळी ढिगातून शोधू म्हटलं तर ते चार लॉक हमखास तीनच सापडतात.

नट-बोल्टांची नुसती संख्या लिहिणं म्हणजे अर्धंच काम. जावाचे आटे मेट्रिक, पण जुन्या बुलेटवर बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि सायकल थ्रेड असे दोन्ही ब्रिटिश इंची आटे भेटतात, आणि मधल्या काळात कुणीतरी मेट्रिकही घुसवलेले असतात. ५/१६ इंची बोल्टाची जाडी ७.९४ मिमी, मेट्रिक एम८ ची ८ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मात्र बीएसएफला इंचात २२ आटे, सायकल थ्रेडला २६, आणि एम८ ला जेमतेम २०. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. तिथे पाना लांब करून जोर लावला की केसिंगचे आटे गेलेच. पाव इंचात तर धोका आणखी छुपा आहे. बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींना इंचात २६ आटे, फक्त आट्याचा कोन बीएसएफचा ५५ अंश आणि सायकल थ्रेडचा ६०. म्हणून जाडी मोजायच्या व्हर्निअरबरोबर आटे ताडून बघायचं थ्रेड गेज हवंच. प्रत्येक बोल्टापुढे जाडी, आटे आणि लांबी लिहा. बुलेटच्या टायमिंग पिनियनवरचा ऑईल पंपाचा वर्म (पंप फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) उलट्या आट्यांचा असतो, तो लाल पेनाने लिहा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात झिंक प्लेटिंगला माल टाकताना वजनाची पावती पुरत नाही. लहान माल बॅरलमध्ये (प्लेटिंगच्या फिरत्या पिंपात) इतरांच्या मालाबरोबर फिरू शकतो, आणि परत येताना वजन बरोबर भरलं तरी दोन बोल्ट परके असू शकतात. टाकण्यापूर्वी सगळा माल आलेख कागदावर मांडून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पावतीवर नगांची संख्या लिहून घ्या. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट या ढिगात घालू नका. ॲसिड आणि प्लेटिंगमधून पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर लगेच भट्टीत तापवले नाहीत तर ते ताण आल्यावर काचेसारखे तुटतात.

ठाण्याच्या पावसात झिपच्या पिशव्या फसवतात. आत कोंडलेली दमट हवा आठवडाभरात गंज धरवते आणि एकमेकांना चिकटलेल्या शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) तीनऐवजी दोनच मोजल्या जातात. भाग तेलात बुडवून, तेलकागदात गुंडाळून मगच पिशवीत घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई रॉकेलमध्ये धुऊन जाते.

संख्या कमी भरली तर आधी धुण्याच्या ट्रेमधलं रॉकेल कापडातून गाळा, मग चिंध्या झटका, मग हबमधलं ग्रीस बोटांनी चाचपा. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, कारण कार्बोरेटरचे पितळी जेट, तांब्याचे आणि फायबरचे वॉशर त्याला लागत नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम असेल तर पाण्याच्या जाळीवर आधीच गोणपाट टाका. इंजिनाजवळचं लॉक किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) सापडत नसेल तर ते मिळेपर्यंत किक मारायची नाही. स्टिअरिंगचा एक छर्रा हरवला तर एकच नवा घालू नका, कपाचा सगळा संच बदला. झिजलेल्या जुन्यांमध्ये नवा मोठा ठरतो आणि सगळा भार एकटा घेतो. छर्रे बसवल्यावर कपात साधारण एका छऱ्याएवढी फट राहिली की संख्या बरोबर.

जास्त भरली तर घाईने फेकू नका. उरलेल्या वॉशरचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी घ्या आणि त्याच्यावर उमटलेला गोल ठसा बघा. तो ठसा ज्या बोल्टाच्या डोक्याशी किंवा नटाशी जुळतो, तिथे तो बसत होता. तांब्याचा असेल तर शोध ऑईल पाइपपासून सुरू करा.